तात्यांची आठ-बेचाळीस

"वीस पट? अवो, वीस पट म्हंजे हाताची थरथरबी वीस पट! मला पाखरू बघायचं हाय, भूकंप न्हाय!"

तात्या चौगुले दुर्बिणीच्या दुकानात असे ओरडले की समोरच्या दुकानातल्या बायका हातातल्या साड्या टाकून बाहेर आल्या. दुकानदार काकुळतीला आला होता. "तात्या, सगळं कोल्हापूर वीसचीच मागतंय. आठची घेतलीसा तर लोक हसतील की."

"हसूंदेत! काट्यावर घ्या!"

हे त्यांचं पालुपद. तात्यांची हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या गाड्या तोलून तोलून आकड्यांवर विश्वास बसला, माणसांवरचा उडाला. भाजीवाली, डॉक्टर, बातम्या, सगळं काट्यावर. जावयाला तर लग्नाआधी खरोखरच्या काट्यावर उभं केलं होतं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

निवृत्तीनंतर हे दुर्बिणीचं खूळ शिरलं. शेजारी म्हणून मला जिन्यात गाठून शिकवणी चाले. "आठ-बेचाळीस म्हंजे काय? आठ म्हंजे पाखरू आठ पट जवळ. बेचाळीस म्हंजे फुडच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरात. आता बेचाळीसला आठानं भाग. सव्वापाच. तेवढा उजेडाचा गोल डोळ्यात उतरतोय. वीस-पन्नासची घे, अडीचच! सांजंला घुबड का कावळा, कळायचं न्हाय."

एवढं कळत होतं, पण घेत मात्र नव्हते. आठ-बेचाळीस हातात आली की तात्या खिशातून एक जाडजूड चष्मा काढत, दांडीला लाल दोरा गुंडाळलेला. तो लावून दुर्बीण डोळ्याला भिडवत, चाक फिरवत, आणि त्यांना दरदरून घाम फुटे. "धुरकट! कडंला सगळं काळं! बदला!" पुण्याची आली, परत गेली. मुंबईची आली, परत गेली. एक जपानी तर, मला वाटतं, तात्यांना बघून आपल्या पायांनीच निघाली.

पण अलीकडे त्यांचा आवाज उतरला होता. "उशीर हुतोय, लेका."

"पाखरं कुठं पळून चाललीत, तात्या?"

"पाखरं न्हाईत रं," म्हणाले आणि जिना चढून गेले.

एका दुपारी वाटीभर साखर मागायला त्यांच्या घरी गेलो, तर करपलेल्या भाकरीचा वास. काकू भिंत चाचपत आल्या. "चष्मा ह्यांनी नेलाय बाबा, दुकानात."

म्हणजे तो लाल दोऱ्याचा चष्मा काकूंचा! तात्यांना चष्मा नव्हताच की!

"डॉक्टर म्हणाले, माझ्या डोळ्याचा आतला पडदा झिजत चाललाय. काय बघायचं ते आत्ताच बघून घ्या," काकू म्हणाल्या. "मी सहज बोलून गेले, कळंब्याच्या तळ्यावर जांभळी पाणकोंबडी वरडती ती ऐकलीया, कधी बघितली न्हाय. तवापासनं ह्यांस्नी झोप न्हाय."

मी धावतच दुकान गाठलं. तात्या काकूंच्या नंबरातून आणखी एक चांगली दुर्बीण नापास करत होते.

"तात्या! दुसऱ्याची गाडी काट्यावर चढवून आपल्या उसाचं वजन करताय व्हय? या चष्म्यातून तुम्हाला अख्खा पन्हाळासुद्धा धुरकट दिसंल! काकूंना आणा की!"

तात्या मटकन स्टुलावर बसले. "मग तिला दुकानात आणून, दिसलं न्हाई तर?" हळू आवाजात म्हणाले. "हितंच कळंल की तिला."

शेवटी काकूच आल्या. दुकानदारानं दुर्बिणीच्या डोळ्याकडची रबरी कडी दुमडून दिली, तेव्हा काकूंना चष्म्यासकट पुरा गोल दिसला. आठ-बेचाळीस घरी आली.

पुढच्या रविवारी कळंब्याला गेलो. काकू बांधावर उभ्या. तात्या पार पलीकडे लव्हाळ्यापाशी, म्हशींनासुद्धा तोंडावर बोट ठेवून गप्प करत. अचानक त्यांनाच राहवलं नाही. "तिथं बघ! दिसली का? अगं, दिसली का?" ती आरोळी बहुधा पार बिद्रीच्या साखर कारखान्यापर्यंत गेली. तळ्यावरची सगळी पाखरं उडाली.

काकूंची दुर्बीण मोकळ्या लव्हाळ्यावरून सरकत तात्यांवर येऊन थांबली. त्यांनी सावकाश चाक फिरवलं. बघतच राहिल्या. पलीकडे तात्या हात वर करून तसेच उभे.

"काय दिसतंय, काकू?"

"शर्टाची गुंडी चुकलीया ह्यांची."