उदगीर कचेरीने रविवार फत्ते केला त्याची हकीकत

श्रोतेहो, सावध असावे. किल्ल्यांच्या लढाया बहुतांनी लिहिल्या. आम्ही उदगीर मुक्कामीच्या एका कचेरीने रविवार कैसा जिंकिला ते लिहितो. यात मीठमिरची आहे, लबाडी नाही.

कचेरीचे सुभेदार विरूपाक्ष साहेब. यांचा फोन रविवारीही सुटे आणि आवक-जावक टेबलाची मानकरीण बुद्धप्रियाबाई यांच्या उशाशी येऊन पडे. कधी अहवाल मागावा, मग अहवालाचा अहवाल मागावा. तीन मास जाहले, बाईंस झोप नाही, डावा डोळा आपोआप फडफडे आणि हात थरथरोन भाकरी थापता येईना. डॉक्टरांनी बजाविले की आठवड्यात एक दिवस फोनाविना निजावे, नाही तर दुखणे अंगावर बसेल. परंतु मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी कोणी?

ऐशात लातूरच्या वरिष्ठ कचेरीहून खलिता आला की, तमाम नोकरांचा मानसिक ताण दूर करणे आहे. सबब प्रत्येकाने ताणाचे कारण वहीत लिहावे, आणि वही आज पाच वाजायच्या आत रवाना करावी. येणेकरोन नव्हता तोही ताण जाहला.

आता कचेरीचा रिवाज ऐकावा. पहिला जे लिही त्याखाली बाकीचे न वाचिता 'वरीलप्रमाणे' लिहीत आणि सही ठोकीत. वही प्रथम बाईंकडे आली. बाई 'निरंक' लिहिणार, तोच साहेबांचा मेसेज आला की येत्या रविवारी अहवाल पाहिजे. बाईंचे पित्त खवळले आणि त्यांनी लिहिले, 'रविवारीही साहेबांचा फोन येतो. झोप उडाली आहे.' वही पुढे सरली आणि मग बाईंच्या काळजाचे पाणी जाहले. परत मागावी तोच शेजारच्या व्यंकट कारकुनाने 'वरीलप्रमाणे' ठोकिले, मागोमाग तमाम टेबले पडली, आणि सेवटी खुद्द साहेबांनी लातूरचा फोन कानास लावोन, जी-जी करीत, 'वरीलप्रमाणे' लिहोन शिक्का मारिला.

लातुरासही वाचोन सही करण्याची चाल नव्हती. तेथील कारकुनाने उदगीरचे अकरा नोकरांपैकी अकरा बेजार पाहोन हुकूम मांडिला, वरिष्ठांनी सही केली: रविवारी कोणी वरिष्ठाने कोणा कनिष्ठास फोन करू नये.

त्या रविवारी फोन वाजला नाही. बाई नऊपर्यंत निजल्या, उठोन चहा प्याल्या आणि पुन्हा निजल्या.

सोमवारी साहेबांचे बोलावणे आले. बाईंची गाळण उडाली. मेजावर लातुराहून हुकुमासोबत आलेली वहीची नक्कल उघडी होती.

"बाई, हे तुम्ही लिहिलं?"

"हाव, साहेब."

साहेबांनी खालच्या आपल्याच सहीवर बोट ठेविले. "काल मलाबी लातूरचा फोन न्हाई आला. लई दिवसानं दुपारी झोपलो. बायको उठवायला आली, तर घोरताना बघून तशीच माघारी गेली." मग त्यांनी नक्कल मिटोन बाईंच्या हाती दिली. "जपून ठेवा ही. खाली मी लिहिलंय ते खोटं न्हाई."

येणेप्रमाणे रविवार फत्ते जाहला, बाईंचा डोळा थांबला, आणि भाकरी पूर्ववत गोल होऊ लागली. ही हकीकत खरी म्हणोन ज्यास खाली सही करणे असेल त्याने करावी. न वाचिता केली तरी चालेल, त्याच रिवाजाने झोप मिळाली आहे.