पिशवी दाखवा, पुढे चला

आमच्या आळीच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो आणि बाजारातून येणाऱ्या प्रत्येकाला अडवून म्हणतो, "पिशवी दाखवा, पुढे चला."

हे आमचे बस्त्याव अंकल. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. तिकिटाच्या जागी पिशवी आली, एवढंच. ज्याची पिशवी प्लास्टिकची, तो विनातिकीट.

मी नालासोपाऱ्याचा फ्लॅट सोडून वसईजवळच्या होळी गावात भाड्याने राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात पकडला गेलो. हातात पातळ काळ्या पिशवीत वांगी होती.

"हे काय?" मेलेला उंदीर धरावा तशी अंकलनी ती दोन बोटांत उचलली. "हेल्मेट हाय ना? त्यात भर."

मी निमूटपणे भरली. घरी बायकोने दार उघडलं, हेल्मेटमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "डोक्यात होतं ते बाहेर आलं वाटतं."

पुढे मी शिकत गेलो. मासळीला कडीचा डबा. सुकटीला बरणी. फुलं केळीच्या पानात, वर केळीच्याच सुकलेल्या सोपटाची गाठ. डबा विसरलो की अंकल मला थेट परत धाडत. एकदा मी दही रुमालात आणायचा प्रयत्न केला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

बाकी सगळ्याला कापडी पिशवी, आणि ती अंकलच घरोघर आणून देत. मला मिळालेली पहिली पिशवी कोणाच्या तरी पँटचा पाय होती. खाली शिवलेली, बाजूला चेनसकट खिसा. "सुट्ट्या पैशांची सोय," अंकल म्हणाले. दुसरी उशीच्या अभ्र्याची. मग तिसरी, चौथी. नको म्हटलं तर ऐकत नसत. "ठेव रे. पिशवी कधी जास्त होते का?" उलट कापड मागत. दोरीवर वाळणाऱ्या जुन्या चादरींकडे ते अशा नजरेने बघत की बायका चादरी घाईने आत घेत.

पिशव्या शिवायच्या त्यांच्या पत्नी, रेजिना आंटी. आळीतल्या पोरींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक पूर्वी त्यांच्याच हातचे. हल्ली त्या बाहेर पडत नसत. खिडकीतून मशीनचा आवाज तेवढा येई.

मला वाटलं, म्हातारी माणसं, किती राबणार? परोपकाराची मला अधूनमधून उबळ येते आणि ती नेहमी दुसऱ्याला महाग पडते. मी बाजारातून तयार कापडी पिशव्यांचा गठ्ठा आणला आणि रविवारी चर्चमध्ये मिसा सुटल्यावर घरटी वाटला. लोक खूश. चेनवाल्या पिशव्यांतून सगळ्यांचीच सुटका झाली. अंकलनाही एक दिली. त्यांनी ती उलटी केली, शिवण बोटाने चाचपली.

"चांगली हाय," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते आळीच्या तोंडाशी दिसेनात. मी मुद्दाम प्लास्टिकच्या पिशवीतून टोमॅटो आणले. कोणी अडवलं नाही. घरी पोचलो तरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. मशीनचाही आवाज नव्हता. शेवटी मी त्यांच्याकडे गेलो.

अंकल ओट्यावर बसले होते. आत आंटी झाकलेल्या मशीनसमोर, हात मांडीवर ठेवून.

"बरं नाही का आंटींना?"

"ती विसरते रे," अंकल हळू आवाजात म्हणाले. "जेवली ते विसरते, घर विसरते. मशीनवर बसली की मात्र पाय बरोबर चालतो. तेवढा वेळ ती आपली असते. पन उगाच शिवत नाय, कोनासाठी ते विचारते. मी आळीतली नावं सांगायचो."

"मग आत्ताही सांगा की."

"सांगितली. पन आता सगळ्यांकडं पिशव्या हायत, कोनी घेत नाय. शिवलेली पिशवी संध्याकाळी घरातच दिसली तिला. म्हनाली, नेली नाय कोनी, फसवतोस मला. मी लपवली, तर ती पन शोधून काढली. आता हातच लावत नाय."

मी घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं, तशी तिने पलंगावरची चादर ओढली आणि माझ्या हातात दिली.

"आंटी," मी चादर घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर उभा राहिलो, "एक पिशवी पाहिजे होती. घरात एकही धड नाही."

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "काय आनायचं हाय तीत?"

"मासळी," मी घाबरून म्हणालो.

"मासळीला डबा न्यावा! अक्कल नाय एवढी?"

"मग... वांगी."

त्यांनी हवेत दोन्ही हातांनी वांग्यांचं माप घेतलं, मशीनचं झाकण काढलं. चादर फाडून कापडाच्या आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूने माझं नाव लिहिलं, विचारून. पाय चालू लागला. अंकल चादरीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

मी दारातून हाक मारली तेव्हा शेजारची बाई आली, तिच्यामागून आणखी दोघी. प्रत्येकीला पिशवी हवी होती. आंटी एकेकीचं नाव लिहून घेत गेल्या. मग त्यांचं लक्ष कापड धरलेल्या माणसाकडे गेलं.

"आनि तुम्हाला?"

"मला पन एक."

"नाव?"

अंकल म्हणाले, "बस्त्याव."

"आमच्यात पन बस्त्याव हाय," आंटी खडू उचलत म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "कामावर गेलाय. येईल एवढ्यात."

अंकलनी कापडाचं टोक ताणून सरळ धरलं.

"येईल," ते म्हणाले.