भिंतीकडं तोंड करून

चन्नबसप्पांना या सौद्यात एकच वाक्य मिळवायचं होतं. "अण्णा, आता बास करा," एवढंच. पण ते धाकट्या भावानं, विरुपाक्षानं, स्वतःच्या पायांनी त्यांच्या दारात येऊन म्हणायला हवं होतं. त्यासाठी सोलापूरचा बँड, त्या मंडळींचं खाणंपिणं आणि इकडचा हाली शिक्का न घेता इंग्रजी कलदार रुपयेच मोजून घेण्याचा त्यांचा हट्ट, हे सगळं सोसायला ते तयार होते. मुलीचं लग्न होतंच; ते आपोआप जमेला पडणार होतं.

उमरग्याच्या पेठेत दोघा भावांची एकच अडत होती. वाटणी झाली तेव्हा सगळं सुरळीत वाटलं गेलं आणि वडिलांच्या तराजूवर येऊन अडलं. शेवटी दांडी थोरल्याकडं गेली, पारडी धाकट्याकडं. त्यानंतर त्या तराजूनं कुणीच काही मोजलं नाही, आणि भावाभावांत शब्दही निघाला नाही. घराच्या मधोमध चन्नबसप्पांनी स्वतःच्या खर्चानं भिंत घातली, तीही माळवदाच्या वर जाईल एवढी उंच. गवंड्याला त्यांनी बजावलं होतं, "इतकी जाड घाल, त्याचा ठसकासुदिक हिकडं आला न्हाय पायजे." गवंडी इमानी निघाला. पुढचं दार थोरल्यानं ठेवून घेतल्यामुळं धाकट्याचं दार मागच्या बोळात उघडायचं. एका घरातून दुसऱ्यात जायचं तर साऱ्या आळीला वळसा पडायचा.

दोघांच्या बायका मात्र आडावर भेटत आणि पोटभर बोलत. हे चन्नबसप्पांच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळीच बँडचे बलभीम मास्तर कर्णे पुसून हजर झाले.

"मालक, हुबं कुठं ऱ्हायचं?"

"हितं. ह्या भितीकडं तोंड करून वाजवा."

"भितीकडं? आन पाव्हणं?"

"पाव्हण्यास्नी पाठीमागनं बी ऐकू येतंय."

मास्तरांनी भिंतीकडं पाहिलं, मालकाकडं पाहिलं, आणि बहुधा त्यांना कलदार आठवले. "मग खूण सांगून ठिवा. एकदा वाजाय लागलं की आमाला बोलणं कळत न्हाय."

"म्या हात वर केला की आवाज वाढवायचा."

"आन बंद कराया?"

"ती खूण लागणार न्हाय. बंद करा म्हणून सांगणारा सोता चालत येणार हाय."

बँड सुरू झाला. भिंतीनं आपलं काम चोख केलं. एक सूरसुद्धा पोटात घेतला नाही. जेवढा आला तेवढा साभार परत केला. तो परतीचा माल सगळा मांडवात उतरला. अणदूरचे व्याही पानाला चुना लावत होते, त्यांच्या हातातली डबी थरथरली. आचारी धुळाप्पा विचारायला आला, "मालक, आमटीत आणिक तिखट टाकू का?" चन्नबसप्पांनी ओठांवरून ताडलं की बँडची तारीफ चाललीय, आणि खुशीनं मान हलवली. धुळाप्पानं जाऊन तिखट टाकलं.

चन्नबसप्पांनी भिंतीला कान लावून पाहिला. पलीकडून काहीच चाहूल नव्हती. न दार वाजलं, न कुणी खेकसलं. त्यांनी हात वर केला.

वराच्या आईनं डोकं धरलं. चन्नबसप्पांची बायको रुद्रम्मा त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडली, "अवो, इहिणबाईचं डोस्कं उठलंय. वाईच थांबवा की."

"अजून आला न्हाय त्यो," चन्नबसप्पा म्हणाले.

"कोण?"

त्यांनी वेशीजवळचे हलगीवाले बोलावून घेतले आणि त्यांनाही भिंतीकडं तोंड करून उभं केलं.

रुद्रम्मानं विहीणबाईंचा हात धरला आणि बोळातून जावेच्या घरी नेलं. जावेनं, शांताक्कानं, पाणी दिलं, घोंगडं टाकलं. त्या अंगणात इतकं निवांत होतं की चिमण्यांचं भांडण ऐकू येत होतं. विहीणबाईंनी डोळे मिटले आणि निरोप पाठवला, मंडळींनी पण इकडंच यावं. व्याही आले. त्यांच्यामागं वऱ्हाड आलं. मग नवरदेव. मग बायका नवरीला, गिरिजेला, घेऊन आल्या. शेवटी लग्न लावायला आलेले गुरुलिंग स्वामी उठले.

"चन्नबसप्पा," ते चन्नबसप्पांच्या समोर वाकून म्हणाले, "मला माझाच मंतर ऐकू येईना. देवाला कसा जावा? म्या पलीकडं बसतो. तुमी या."

चन्नबसप्पांना एवढंच दिसलं की स्वामी हसत काहीतरी सांगताहेत. त्यांनी नमस्कार केला. मांडव रिकामा होताना त्यांनाही दिसत होता, पण त्यांचा समज असा की लोक विरुपाक्षाचं रागावलेलं तोंड बघायला जाताहेत. त्यांनी पुन्हा हात वर केला.

आणि मग तो आला.

विरुपाक्ष साऱ्या आळीला वळसा घालून आला आणि पुढच्या दारात उभा राहिला. अंगात ठेवणीतला कोट होता. केस पार पिकले होते; हे चन्नबसप्पांना माहीत नव्हतं. चौकटीला हात लावून त्यानं काहीतरी म्हटलं. थांबला. पुन्हा काहीतरी म्हटलं. 'बास करा' एवढ्याला काही इतका वेळ लागत नाही. तो बरंच बोलला, आणि बोलताना त्यानं एकदा डोळे पुसले.

चन्नबसप्पांना एक अक्षर ऐकू आलं नाही. बँड थांबवावा म्हणून त्यांनी घाईघाईनं हात वर केला.

मास्तरांनी गाल फुगवले. हलग्या पेटल्या. ढोलवाल्यानं तर सकाळपासून राखून ठेवलेली ताकद आत्ता काढली. विरुपाक्षानं भावाचा वर गेलेला हात पाहिला, वाढलेला आवाज ऐकला, आणि त्याला उत्तर मिळालं. तो मागं वळला.

चन्नबसप्पांनी दुसराही हात वर केला. काय झालं ते सांगायला नको. ते मास्तरांकडं धावले, तशी मालक बक्षीस ओवाळायला आले असं समजून मास्तर वाजवता वाजवताच वाकले. शेवटी चन्नबसप्पांनी त्यांच्या तोंडातला कर्णा ओढून घेतला, तेव्हा कुठं बँड थांबला.

"काय म्हणला त्यो?" चन्नबसप्पांनी विचारलं.

"कोण, मालक?"

"दारात हुता त्यो. माजा भाऊ."

"मालक, ह्या धंद्यात येऊन माजं कान निम्मं गेलं. आमी निस्ता हात बघतो."

चन्नबसप्पांनी पटका सावरला आणि ते निघाले. पण विरुपाक्षाचं दार मागच्या बोळात होतं, मध्ये सारी आळी होती, आणि ती वाट त्यांनीच पाडली होती. बोळाच्या तोंडाशी पोचले तेव्हा समोरून माणसं येत होती. प्रत्येकाच्या केसांत, खांद्यावर अक्षता होत्या. मुहूर्त टळत होता म्हणून स्वामींनी बापाच्या जागी चुलत्याला उभं करून लग्न लावून टाकलं होतं.

संध्याकाळी गिरिजा वडिलांच्या पाया पडली आणि अणदूरला गेली. वऱ्हाड जाताना धुळाप्पाच्या आमटीबद्दल काही बोललं, ते ऐकण्यासारखं नव्हतं. बँडवाले कलदार वाजवून घेऊन मोटारीत बसले. चन्नबसप्पांचे कान अजून घुमत होते.

रुद्रम्मा भांडी आवरत होती. ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

"विरुपाक्ष काय म्हणला? तुला काय बोलला का?"

तिनं वर पाहिलं नाही. "मला म्हणले, वैनी, म्या त्यास्नी सांगितलं, माजं चुकलं. पारडी घेऊन येतो म्हणलं. पोरीच्या अक्षतेला चला म्हणलं. तर अण्णांनी हात करून बाजा वाढवला."

म्हणजे माल पोचला होता. मागवला होता त्याहून कितीतरी जास्त आला होता, आणि घेणाऱ्यानं दारातूनच परत पाठवला होता.

दारानं जावं तर आळीचं बघणं सोसवणार नव्हतं. चन्नबसप्पा भिंतीजवळ गेले. तिच्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "विरुपाक्षा." मग जरा मोठ्यानं म्हणाले. आणि मग, बँडवाल्यांनीही कौतुक केलं असतं अशा आवाजात म्हणाले.

पलीकडं काही पोचलं नाही. भिंत जाड होती, काम इमानानं झालेलं होतं, आणि तिचा सगळा खर्च चन्नबसप्पांच्याच नावावर पडलेला होता.