टनिक्लिफ पॉटरीतली चहाबंदी

"वीजबिल अर्ध्यावर आणून दाखवतो! ईस्टरच्या आत!"

नॉर्मन टनिक्लिफने सातही कामगार बायकांसमोर टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं, आणि टेबलावर वाळत ठेवलेल्या तीन कच्च्या चहादाण्यांचे कान गळून पडले. सुरुवातच अशी शुभ!

पण नॉर्मनला गप्प बसण्याची सोय नव्हती. इंग्लंडातल्या लाँगटनमधल्या त्या कारखान्यात टनिक्लिफ घराणं नव्वद वर्षं चहादाण्या बनवत होतं. आता वीज पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं होतं. तुमचा करार एकतीस मार्चला संपतोय, नवा दर दीडपट, सही करा. नाही केलीत तर बिनकराराचा दर लागेल, आणि तो तर विचारूच नका! नॉर्मनची बायको ग्लेनिस हिने ते पत्र वाचून शांतपणे सांगितलं होतं, "सहीच करायची तर त्या बिल्डरच्या कागदावर कर. तो फ्लॅट बांधेल, आपण समुद्रकाठी राहू." बिल खाली आलं नाही तर उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप, असं नवराबायकोत ठरलंही होतं. बायकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात सगळ्यांना माहीत होतं.

नॉर्मनने आधी सात वीज कंपन्यांना फोन केले. प्रत्येक फोनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. सगळ्यांच्या मिळून सुरावटी तीनच, त्या त्याला तोंडपाठ झाल्या, पण सातही कंपन्यांचा वर्षाचा आकडा जवळपास तोच! मग त्याने स्वतःच बिल वाचायला घेतलं. त्यात अकरा ओळी होत्या. रोजचा स्थिर आकार, क्षमता आकार, हवामान कर, कसला कसला आकार! पण नॉर्मनच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या होरेसने, मरताना जवळजवळ मृत्युपत्रासारखं सांगून ठेवलं होतं, "बिलात युनिटं तेवढी बघायची. बाकीची ओळ न् ओळ ही वरच्यांची पोटं भरायला असते. तिच्यात डोकं घालू नये." टनिक्लिफांच्या घरात वडिलांचा शब्द मोडत नाहीत. नॉर्मनने दहा ओळी सोडल्या आणि युनिटांच्या मागे लागला.

त्याने प्लगमध्ये खोचून वीज मोजायचं एक यंत्र आणलं आणि ते घेऊन तो डॉक्टरसारखा कारखानाभर फिरला. दिवा तपासला, रेडिओ तपासला, तोट्या लावणाऱ्या म्यूरिएलचा पाय शेकायचा हीटर तपासला. सगळ्यात शेवटी चहाची केटल. आकडा बघून त्याचे डोळेच पांढरे झाले.

"तीन हजार वॅट! अगं, हीच ती चोरटी!"

"कोण, मी?" म्यूरिएल दचकली. तिने त्याच सकाळी एक बिस्किट जास्त उचललं होतं.

"केटल! उद्यापासून चहा बंद!"

एव्हिसबाई खुर्चीतून सावकाश उठल्या. एव्हिसबाई चव्वेचाळीस वर्षं चहादाण्यांना कान लावत होत्या आणि नॉर्मनला तो तीनचाकी सायकल चालवायचा तेव्हापासून ओळखत होत्या.

"नॉर्मन, राजा, परत एकदा सांग. मला वयोमानाने कमी ऐकू येतं."

"चहा बंद, एव्हिसबाई."

"साडेदहाचा?"

"साडेदहाचा."

"आणि तीनचा?"

"तोही."

"हिटलरने बाँब टाकले तेव्हाही माझ्या आईने इथे साडेदहाचा चहा घेतलाय," एव्हिसबाई म्हणाल्या. "तू त्याच्या पुढे गेलास हो! अख्ख्या इंग्लंडला आपण चहादाण्या पुरवायच्या आणि आपल्या घशाला मात्र कोरड!"

दुसऱ्या दिवसापासून चहाची ऊब नाही म्हणून बायका अंगात कोट घालून काम करू लागल्या. कानांचे आकार बिघडले, तोट्या वाकड्या लागायला लागल्या. एका चहादाणीला तर म्यूरिएलने भरदुपारच्या तंद्रीत दोन तोट्या लावल्या! महिन्याने बिल आलं. नॉर्मनने पाकीट फोडलं. बिल चार पौंड साठ पेन्सनी कमी झालं होतं.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आपलंच काहीतरी चुकतंय. नॉर्मन म्हणाला, "कुणीतरी चोरून उकळतंय!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. तो बायकांचे कप हुंगू लागला. स्वच्छतागृहाबाहेर पाळत ठेवू लागला. शेवटी त्याने केटल उचलून स्वतःच्या गाडीच्या डिकीत कोंडली आणि किल्ली खिशात घातली. मंगळवारी तीच किल्ली घेऊन ग्लेनिस गाडीसकट बहिणीकडे गेली, वेल्समध्ये, चार दिवसांसाठी.

आणि बुधवारी ऑल्डरशॉबाई येऊन दाखल झाल्या!

या बाईंची यॉर्कशरमध्ये नऊ चहागृहं होती. त्यांची ऑर्डर मिळाली तर बिल्डरचा कागद फाडून टाकता आला असता. पण बाईंचा एक नियम होता. चहादाणीतून स्वतः कडकडीत चहा ओतून बघायचा. तोटीखाली एक थेंब जरी ओघळला, तरी टोपी घालून चालतं व्हायचं.

"बसा ना, बसा!" नॉर्मनने त्यांना ऑफिसात बसवलं आणि धावत आत आला. "एव्हिसबाई, उकळतं पाणी!"

"चहादाण्यांच्या कारखान्यात उकळतं पाणी?" एव्हिसबाईंनी गालावर बोट ठेवलं. "छे बाई! मालकांनी बंदी घातलीय."

"एव्हिसबाई, पाया पडतो!"

मग त्याही विरघळल्या. कारखान्याचं कुलूप त्यांनाही नकोच होतं. "भट्टी अजून निवायचीय. पाण्याने भरून चार चहादाण्या आत ढकल."

पस्तीस मिनिटं नॉर्मनने ऑफिसात हवामानावर बोलत काढली. कालचं, आजचं, उद्याचं हवामान झालं. मागच्या वर्षीचंही झालं. शेवटी ऑल्डरशॉबाई कंटाळून त्याच्या मागोमाग आत आल्या, तेव्हा नॉर्मन कोपरापर्यंत हातमोजे घालून, लांब चिमट्याने भट्टीतून चहाचं आधण बाहेर काढत होता!

"तुमच्याकडे चहा असाच करतात?" बाईंनी विचारलं.

एव्हिसबाईंनी पत्ती घातली, झाकण ठेवलं, चार मिनिटं थांबल्या. ऑल्डरशॉबाईंनी चहादाणी उचलली. धार सरळ कपात पडली. तोटी कोरडी! बाईंनी एक कप घेतला. दुसरा घेतला. तिसरा पुढे केला आणि म्हणाल्या, "आता खरं सांगा. केटल कुठेय?"

नॉर्मनने सगळं सांगितलं. आपल्याकडे माणूस पँटशिवाय दिसेल, पण वीजबिल परक्याला दाखवणार नाही. तरी त्याने लाजत लाजत तेही पुढे केलं. बाईंनी चष्मा चढवला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही क्षमता चारशे कशी? इथे पोलाद वितळवता की काय?"

"ती ओळ आम्ही वाचत नाही," नॉर्मन म्हणाला. "वडील म्हणायचे..."

"किती भट्ट्या आहेत?"

"एक. वडिलांच्या वेळी सहा होत्या."

"मग अजून सहांचेच पैसे भरताय! एका वेळी चारशे किलोवॅट ओढता येईल एवढा भार तारांच्या कंपनीने तुमच्यासाठी राखून ठेवलाय. वापरा, न वापरा, रोजचे चोवीस पौंड. हा आकार वीज विकणाऱ्याचा नाही, तारा ज्यांच्या त्यांचा. करार कुणाशीही करा, ही ओळ तुमच्या मागोमाग येणार."

रोज पाचशे पानांचं कार्यालय घ्यायचं आणि जेवायला घरचीच चार माणसं! नॉर्मन मटकन खुर्चीत बसला. केटलला दिवसाला वीस पेन्स लागत होते.

"तुमचा एका वेळचा सर्वांत जास्त वापर अडुसष्ट दिसतोय," बाई म्हणाल्या. "तारांच्या कंपनीला एक पत्र टाका, खाली आणा म्हणावं. फुकट होतं. पण जपून हं! सोडायला एक पत्र पुरतं. परत मागायला गेलात तर नवी केबल, रस्त्याचं खोदकाम आणि वर्षभर वाट. बाकी ऑर्डरचं विचार करून कळवते."

त्या गेल्या आणि नॉर्मनच्या अंगात वारं शिरलं. "एव्हिसबाई, टाइप करा! ऐंशीवर आणा म्हणावं, ऐंशीवर!" पाचच्या टपालाला दहा मिनिटं होती. त्याने उभ्याउभ्याच सही ठोकली, धावत जाऊन कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पत्र टाकलं, आणि वर बघतो तर टपालाची गाडी वळणावरून निघून गेलेली. असो! उद्या नऊला जाईल. त्या रात्री त्याला कित्येक महिन्यांनी झोप लागली.

सकाळी साडेआठला फोन वाजला.

"बाराशे चहादाण्या," ऑल्डरशॉबाई म्हणाल्या. "आणि दर वर्षी तेवढ्याच. पण एका भट्टीत भागायचं नाही, दुसरी घ्यावी लागेल. जमेल ना?"

"जमेल म्हणजे काय! जमेलच!" नॉर्मनने आनंदाने फोन ठेवला. मग त्याला दुसऱ्या भट्टीचा भार आठवला, आणि पेटीतलं पत्र आठवलं. ऐंशी!

तो तसाच चपलांवर धावत सुटला. पेटीत हात घातला. बोटांना पाकिटाचा कोपरा लागला. आणखी थोडा घातला, आणि हात कोपरापाशी अडकला! बसच्या रांगेतली माणसं बघू लागली. नऊला पोस्टमन आला.

"माझंच पत्र आहे, देऊन टाक ना रे!"

"पेटीत पडलं की ते राजाचं," पोस्टमन म्हणाला. "आणि आधी हात काढा. मला पेटी उघडायचीय."

तेवढ्यात बस आली आणि एव्हिसबाई उतरल्या. त्यांनी नॉर्मनकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, पिशवीतून हाताला लावायचं क्रीम काढून त्याच्या कोपराला चोळलं आणि एक हिसका दिला. हात सुटला. पोस्टमनने पत्रं गोळा केली, गाडीत टाकली आणि गेला.

"गेलं!" नॉर्मन पेटीलाच टेकून खाली बसला. "एव्हिसबाई, बाराशेची ऑर्डर आलीय हो! आणि मी मूर्खाने सगळा भार सोडून दिला. दुसरी भट्टी आता कशावर चालवू?"

"ऊठ, लोक बघतायत," एव्हिसबाई म्हणाल्या. "मी ऐंशी लिहिलंच नाही. दीडशे लिहिलंय."

"काय?"

"तिसरा कप मागणारी बाई ऑर्डर दिल्यावाचून राहते का?"

"पण सही तर मी केली!"

"केलीस ना. वाचलं कुठे होतंस?"

नॉर्मन उठला. त्याने पँट झटकली. मालक या नात्याने काहीतरी बोलणं भागच होतं.

"करायचंच होतं," तो म्हणाला, "तर दोनशे तरी लिहायचेत!"