पंजाबरावचं पिठलं

सन २०१७. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी होती आणि दारव्ह्याच्या बाजारात काटा रिकामा. मी तिथला मापारी. तीस वर्षं वजनाचे आकडे ओरडून सांगितले. (सही येते. बाकीचं शिक्षण काट्यावर झालं.) यंदा ओरडायला काही नव्हतं, म्हणून नातीचा खेळ तपासून द्यायचं कबूल केलं. तिथं चुकलं.

नात भैरवी. पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर मोबाइलवरचे खेळ बनवते. या खेळाचं नाव ‘सुतक’. लग्नाच्या सकाळीच घरातला म्हातारा मरतो. कोणाला कळलं तर सुतक, लग्न बंद. म्हणून शेवटचं मंगलाष्टक होईपर्यंत मढं पाहुण्यांच्या नजरेआडून या खोलीतून त्या खोलीत लपवत न्यायचं.

"आबाजी, रीतभात कुठं चुकली तेवढं सांगा," भैरवी म्हणाली.

तिचा स्वतःचा साखरपुडा येत्या रविवारी, नेरच्या मुलाशी. असा खेळ अशा वेळी घरात आणू नये, हे तिला सुचलं नाही. मलाही नाही. (खेळातल्या म्हाताऱ्याच्या मिशा माझ्यासारख्या होत्या. विचारलं, तर म्हणाली, योगायोग.)

दोन दिवस ओट्यावर बसून खेळलो. खेळातल्या आचाऱ्यानं मला अकरा वेळा पकडलं. बुधवारी जमलं. लगेच भैरवीला फोन लावला. माझा आवाज मापाऱ्याचा. फोन असो की बाजार, मला एकच.

"भैरवी, म्हाताऱ्याले गव्हाच्या कोठीत घातलं. वरून गोधडी टाकली. पाहुण्याईले काही समजलं नाही."

"शाब्बास आबाजी. आणि पाय?"

"पाय बाहेर राहून राह्यले होते. मुडपले."

भिंतीपलीकडे शेजारी पंजाबराव मिरच्या वाळवत होता. माझा थोरला भाऊ भीमराज शहाऐंशीचा. मोतीबिंदू काढल्यापासून आठ दिवस बाहेर दिसला नव्हता. पंजाबरावनं हिशेब केला.

तासाभरात तो झाकलेलं ताट घेऊन आला. टोपी हातात.

"भाऊ, मले सारं समजलं. मी कोणाले सांगत नाही. पोरीचं होऊन जाऊ द्या."

ताटात पिठलं-भाकर होती. तो गेल्यावर मी बायकोला विचारलं, "पिठलं काहून आणलं यानं?"

"जास्तीचं झालं असंल," रत्नप्रभा म्हणाली.

आम्ही खाल्लं. भीमराजनं ताट पुसून खाल्लं. मेल्याघरी शेजारी देतात तो कडू घास होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पंजाबराव शब्दाचा पक्का. कोणाला सांगितलं नाही. फक्त नेरला बहिणीला सांगितलं. तिनं व्याह्यांच्या घरी निरोप दिला, "दारव्ह्याचा म्हातारा गेला." दारव्ह्याचा म्हातारा म्हणून ते मलाच ओळखत होते.

दुसऱ्या सकाळी दारात जीप थांबली. पांढऱ्या कपड्यांत सहा माणसं उतरली. पुढं नवरदेवाची आई. मला ओट्यावर पाहून ती खाली बसली.

"तुमी आहा?"

"आहो."

"मंग गेलं कोण?"

आतून भीमराज काळा चष्मा लावून आला. "कोण गेलं?"

भिंतीवरून पंजाबरावनं विचारलं, "भीमराजभाऊ, कोठीतून कवा निघाले?"

मोबाइल काढून सगळ्यांना दाखवावा लागला. व्याही अर्धा तास खेळले. त्यांनाही आचाऱ्यानं धरलं. पण विहीणबाई हसल्या नाहीत. मला वाटलं, एका खेळापायी पोरीचं जमलेलं मोडणार. मी काट्यावर कोणापुढे हात जोडले नव्हते. तिच्यापुढे जोडले.

"बाई, माही चूक झाली. रविवार मोडू नका."

"मोडाचं कायले?" ती म्हणाली. "आमी जीपमधीच ठरवलं होतं. तुमी गेले असते तरी रविवारचं रविवारीच कराचं. पिकलं पान. त्याच्यासाठी पोराईचं काहून अडवाचं?"

मी रत्नप्रभाकडे पाहिलं.

"मीबी तेच म्हणाली असती," ती म्हणाली. "पण कोणी मेलं नसता खाल्लेला कडू घास अंगावर ठेवू नये. तो फेडा."

पंजाबराव म्हणाला, "घाई नाही भाऊ. माह्या वेळेस आणजा."

मी उधार ठेवत नाही. रविवारी साखरपुड्याच्या पंगतीत त्याच्या पानावर स्वतः पुरणाच्या पोळ्या वाढल्या. चार. मोजून, ओरडून.

पिठलं फिटलं.