अंगात न येणारी सावित्राबाई

धानाच्या तणसाच्या जाळावर शेकत असलेल्या कातड्याचा वास मला आजही दुरून ओळखता येतो. आधी तो कोरडा, धुरकट असतो. मग उन्हात उभ्या असलेल्या म्हशीच्या पाठीसारखा जरासा तेलकट होतो. आणि कातडे पुरते ताणले जाऊन बोलायला सिद्ध झाले की, त्यात भाजत आलेल्या भाकरीची एक अस्पष्ट छटा मिसळते. त्या शेवटच्या छटेची वाट पाहत सावित्राबाई जाळाशी उकिडवी बसलेली असे. ढोल तापला की नाही, हे ढोलवाल्यांच्या बोटांआधी तिचे नाक ठरवी.

"कच्चा आहे अजून. शेका," ती म्हणे, आणि जंगलाच्या आतल्या अंगाहून पायी मजल करीत आलेले ते धिप्पाड ढोलवाले निमूटपणे ढोल पुन्हा जाळाकडे वळवीत.

चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता आणि नागपूर ही आमची राजधानी होती. माझे यजमान नागभीडजवळच्या एका तळ्याकाठच्या गावी शाळामास्तर म्हणून गेले आणि त्यांच्यामागून मी गेले. त्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरे. धान कापायला आलेले, पण विळा अजून लागायचा असे, म्हणून माणसे मोकळी असत. भर दुपारी शिवारातल्या पटांगणावर बाजार, पाहुणे आणि ढोल एकत्र होत. त्या ढोलांच्या अगदी पुढ्यात, छातीला कातड्याचा वारा लागेल इतक्या जवळ, एक जागा होती. ती सावित्राबाईची.

सावित्राबाई ढिवरांच्या मोहल्ल्यातली. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. तळ्यात उतरून मासे धरणे, शिंगाडे काढणे आणि गावभर टोपली फिरवणे हा तिचा उदीम. बांधा काटक, आवाज पाण्यापलीकडच्या माणसाला हाक मारून मारून रुंदावलेला. मंडईच्या दिवशी ती पहाटेच येऊन आपली मासळीची टोपली त्या जागेवर पालथी घाली. जागा राखायला याहून खात्रीचा उपाय नव्हता. त्या टोपलीच्या वाऱ्याला उभे राहायची कोणाची छाती होत नसे.

पहिल्या वर्षी मी तिला पाहिले, ते मी विसरू शकत नाही. ढोल घुमू लागले तशी ती उठली. काष्टा आवळला, काकणे कोपरापर्यंत सारली, अंबाड्याचा आकडा काढून दातांत धरला, आणि मग मान अशी हलवू लागली की, केस कधी आभाळात, कधी मातीत! त्या हलण्यात मात्र एक काटेकोर शिस्त होती. ढोलाचा मोठा ठोका पडे तेव्हा मान खाली आणि दोन ठोक्यांमधल्या पोकळीत मान वर. छंदाच्या मात्रा मी पाटीवर गिरवून शिकले होते. इथे कोणीतरी त्या मणक्यांनी मोजीत होते.

आमच्याकडे केस मोकळे सोडून बाई घुमू लागली की त्याचा एकच अर्थ होतो. माझ्या शेजारच्या म्हातारीने तत्काळ कमरेचा हळदी-कुंकवाचा बटवा काढला, गर्दीतून वाट काढली आणि सावित्राबाईच्या पायांवर लोळण घेतली.

"माय, माझी गाय कधी गाभण राहीन? सांग माय!"

सावित्राबाईने ठोका न चुकवता एक डोळा उघडला. दातांतला आकडा हातात घेतला.

"मले काऊन पुसतं वो? बैलाले पूस!"

"अंगात कोन आलं आहे माय?"

"अंगात कोनी नाई आलं. मीच आहो!"

हे "मीच आहो" पुढे मी दरवर्षी ऐकले. लिंबू घेऊन कोणी आले की "मीच आहो", कोणी पोराला पायावर घालू लागले की "अवो उचल त्याले, मीच आहो". एकदा तर कोणी तिच्या हातावर जळता कापूर ठेवायला निघाला. तेव्हा तिने तो फुंकून विझवला आणि "भाजीन ना मले!" अशी त्याची कानउघाडणी केली.

दुसऱ्या दिवशी ती शिंगाडे घेऊन आमच्या ओट्याशी आली की तिची मान लाकडासारखी ताठ झालेली असे. डावीकडे पाहायचे तर ती टोपलीसकट अख्खी डावीकडे वळे. मानेला मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा उग्र, कडवट वास.

"दुखते का हो फार?" मी विचारी.

"दुखन नाई तं का! मान दुखली नाई तं समजाचं, मंडई बेकार गेली."

ढोलांविषयी तिची मते ठाम होती. ताफ्यातली जवान पोरे भराभरा वाजवीत, त्यावर गाव खूश होते. ती नव्हती. "पोट्टे पाऊस वाजवून राह्यले," ती म्हणे, "लालसू जमीन वाजवते." लालसू हा ताफ्याचा म्हातारा म्होरक्या. त्याला मराठी जेमतेम येई, तिला गोंडी मुळीच नाही; त्यांचे सारे संभाषण "शेका" आणि मान डोलावणे एवढ्यावर वर्षानुवर्षे सुरळीत चालले होते. आमच्या मास्तरांनी एकदा हौसेने शाळेत पेटीवरचे गाणे ठेवले. सावित्राबाई आली, पहिल्या ओळीलाच उठली. दाराशी मला म्हणाली, "बाई, त्या पेटीले दमा आहे. तिले पहिले औषध द्या."

ढोलापुढच्या त्या रेटारेटीत तिचा एक कायदाही होता. धक्का द्या, खांदा मारा, धूळ उडवा; पण कोणी पडला की सगळे थांबले पाहिजेत. एका मंडईत गावचा किराणा दुकानदार, चष्मा आणि पोटासकट, गर्दीत आडवा झाला. सावित्राबाईने तळ्यात जाळे फेकावे तसे दोन्ही हात फाकवून मागचा लोंढा अडवला. "पडला त्याले उठवा पहिले, मंग हाला!" तिने त्याला काखेत धरून उभे केले, चष्मा पुसून नाकावर उलटा चढवला आणि त्याला काही बोलण्याची सवड न देता पुन्हा गर्दीत लोटून दिले. तो दुकानदार पुढे म्हणे, आयुष्यात तेवढेच एकदा आपण नाचलो.

अशी दोन-तीन वर्षे गेली आणि एका दिवाळीत पाटील आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाटील वाईट मनुष्य नव्हते. आदल्या मंडईला आलेल्या त्यांच्या नव्या व्याह्यांनी "तुमच्या गावच्या बाया अशाच नाचते का?" असे हसून विचारले होते आणि तो काटा त्यांच्या मनात वर्षभर सलत होता.

"मास्तरीणबाई, तुमच्याकडे येते ते सावित्रा. समजवा तिले," ते म्हणाले. "एकदा तिनं म्हनावं का देवी येते अंगात. बस. मी सोता तिले चौरंग मांडून देतो, खन-नारळ देतो, ढोलापुढंच बसवतो. देवीच्या नावानं सारं खपते. पन बिना देवीची बाई ढोलापुढं कशी नाचन? नाई म्हनत असन तं यंदा दोर बांधतो. बायांनी दोरामागं बसाचं. तिनंही."

मला तो तोडगा शहाणपणाचा वाटला. दुसऱ्या दिवशी सावित्राबाई ओट्याच्या पायरीवर बसून शिंगाड्यांची काळी साले काढीत होती, तेव्हा मी तिच्यापुढे तो मांडला. एक शब्द उच्चारायचा आणि जागा कायमची तिची, असे म्हणाले. तिने विळ्याचे टोक एका शिंगाड्यात खुपसले.

"देवीले का कमी आहे, बाई? तिले देऊळ आहे, नारळ आहे, बोकड आहे. माझा ढोलही तिलेच पाह्यजे?"

"पण मग तुम्हाला मागे बसावं लागेल."

"मागं बसून ढोल आयकू येते. लागत नाई." तिने पंजा छातीवर ठेवला. "इथी लागला पाह्यजे."

सोललेला शिंगाडा तिने माझ्या तळहातावर ठेवला. तळ्याच्या थंड चिखलाचा आणि कोवळ्या दुधाचा वास. मग एकाएकी, टोपली आवरता आवरता, तिने विचारले, "बाई, तुमचं माहेरचं नाव का?"

लग्नात तांदळाच्या ताटात सासरचे नाव लिहिले गेले त्याला कितीतरी दिवाळ्या उलटल्या होत्या. या गावात तर तेही कोणी घेत नसे. मी सर्वांची मास्तरीणबाई होते आणि घरात "ऐकलं का" होते. मी सांगितले, "इंदू."

तिने ते ओठांतल्या ओठांत एकदा उच्चारून पाहिले, ढोलाच्या कातड्यावर बोट मारून पाहावे तसे.

"माझंही होतं एक," ती म्हणाली. "सावित्रा इथल्यांनी ठेवलं. माय गेली, भाऊ बल्लारशाकडे खदानीत गेला, तो तिथीच गेला. आता ते नाव घेनारं कोनी नाई." मग टोपली डोक्यावर घेऊन तिने विचारले, "उद्या किती आनू शिंगाडे?" आणि उत्तराची वाट न पाहता गेली.

मंडईच्या दिवशी दोर बांधला गेला. तिची टोपली नेहमीच्या जागी पालथी पडलेली होती. पाटलांच्या गड्याने ती नाक दाबून उचलली आणि दोरामागे नेऊन ठेवली. सावित्राबाईने ती पुन्हा पुढे आणली. गड्याने पुन्हा मागे नेली. बाजार भरेपर्यंत ती टोपली पटांगणात अशी येरझारा घालीत होती आणि शेवटी गडीच कंटाळला, कारण त्याच्या हातांचा वास आता त्याच्याबरोबर जेवायला बसणार होता.

ऊन डोक्यावर आले. लालसूने सावित्राबाईकडे पाहिले, तिने ढोलाचा वास घेतला आणि मान डोलावली. पहिला ठोका पडला. मी बायकांत दोरामागे बसले होते. तळवे मातीला टेकलेले, आणि मातीतून काहीतरी मनगटापर्यंत येऊन परत जात होते. सावित्राबाईने काष्टा आवळला. आकडा दातांत धरला. केस सुटले.

पाटील उठले आणि त्यांनी हात वर केला.

ढोल थांबले. इतक्या मोठ्या आवाजानंतर आलेली शांतता कानांत दुखते. जिलबीच्या कढईतले तूप तेवढे चुरचुरत होते. पाटील तिच्यासमोर गेले. पाहुणे पाहत होते, व्याही पाहत होते. पाटलांनी आवाज मऊ केला. ते तिला अजूनही वाट काढून देत होते.

"बोल माय. साऱ्यांपुढं सांग. कोन आलं आहे?"

सावित्राबाई धापा टाकत होती. तोंडावरचे केस तिने दोन्ही हातांनी मागे सारले. तिचे नेहमीचे उत्तर येणार म्हणून मी डोळे मिटले. ते आले नाही.

"भुरकी," ती म्हणाली.

पटांगणातून एक लाट गेली. शेकडो हात जोडले गेले. "भुरकी माय!" मागून एक म्हातारा थरथरत्या गळ्याने ओरडला. "सिंदेवाहीकडच्या जंगलात ठाना आहे इचा! माझ्या आज्यानं पाह्यला होता!" कोणी नारळ काढला. गायवाली म्हातारी बटवा सोडू लागली. आणि पाटलांनी सुटल्याचा एक दीर्घ श्वास टाकून, साऱ्या पाहुण्यांदेखत, तिला हात जोडले.

तिला तिथेच थांबता आले असते. खोटे असे ती काहीच बोलली नव्हती. चौरंग तयार होता.

"हात सोडा," ती म्हणाली. पाण्यापलीकडे पोचवायच्या त्या आवाजात म्हणाली. "देवी नाई आहे. मायनं ठेवलेलं नाव आहे माझं. भुरकी. अंगात कोनी नाई आलं. मले ढोल आवडते, म्हून मी आलो."

मग नारळवाल्याने प्रामाणिक अडचणीने विचारले, "मंग हा फोडू का नाई?"

"फोड ना! आनि वाट साऱ्याईले. भूक लागली आहे."

आधी पोरे हसली, मग बाया, मग पाहुणे. हसले नाहीत ते एकटे पाटील. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. चारचौघांत जोडलेले हात मागे कसे घ्यावेत, याची रीत गावात नव्हती. म्हाताऱ्या लालसूला या बोलण्यातले किती कळले होते कोण जाणे. त्याने ढोल पोटाशी ओढला, तिच्याकडे पाहिले, आपल्या गोंडी वळणाने ते नाव एकदा उच्चारले, "भुर्की," आणि टिपरू खाली आणले.

"वाजवा, वाजवा," पाटील घाईने म्हणाले, जणू तो हुकूम पहिल्यापासून त्यांचाच होता.

मग जो ढोल झाला, तो त्या ताफ्याने त्या गावात पुन्हा कधी वाजवला नाही, असे तीच पुढे सांगत असे. धूळ इतकी उठली की उन्हालाही रंग आला. दोराला मागून बायकांचा रेटा लागला आणि त्याची गाठ ढिली होऊ लागली. मी मात्र बसून होते; पदर डोक्यावर, अंबाडा घट्ट, तळवे मातीवर.

त्या धुळीतून ती वळली. मान आताच आखडली असावी, कारण ती सबंध वळली, नांगर फिरवावा तशी. तोंडावर घामाने चिकटलेले केस, दातांत आकडा. बायकांच्या रांगांवरून तिचे डोळे कोणाला तरी शोधीत फिरले आणि माझ्यावर येऊन थांबले. तिने आकडा काढून कनवटीला खोचला, दोरावरून हात लांब केला आणि लालसूच्या दोन ठोक्यांमधल्या नेमक्या पोकळीत मला हाक मारली.

"इंदू!"