बिनखिळ्याचं टेबल

एका मंगळवारी सकाळी म्हाताऱ्यानं ठरवलं, उद्यापासून अंडं खायचं नाही. आजचं खाल्लं, कारण ते उकडून झालं होतं आणि ठरवायचं नंतर सुचलं. कोणाला वाटेल, उतारवयात दया उपजली. तसलं काही नाही. उभ्या आयुष्यात म्हाताऱ्याला कोंबडीबद्दल काही वाटलं नव्हतं आणि कोंबडीला त्याच्याबद्दल काही वाटत असेल असंही कधी दिसलं नव्हतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की लेकीनं आपल्याला सोबत जेवायला बसवावं.

म्हातारा जातीचा नाही, हाडाचा सुतार. पन्नास वर्षं रंधा मारला. बायको गेली, गुडघे गेले, कारखान्याची जागा गेली, तेव्हा हत्यारांची पेटी उचलून लेकीकडे राहायला आला. लेक औषधांच्या दुकानात काम करते, जावई घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरतो. घर दोन खोल्यांचं, मागं एक गॅलरी. सगळं ठीक चाललं होतं. मग आठ महिन्यांपूर्वी लेक व्हीगन झाली.

व्हीगन म्हणजे नुसतं मांसमच्छी नाही एवढ्यावर भागत नाही. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, मधसुद्धा नाही. जनावराचं म्हणून जे जे, ते सगळं बंद. म्हाताऱ्यानं विचारलं होतं, मग उरलं काय. लेक म्हणाली होती, खूप उरतं. काय उरतं ते म्हाताऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं. सोयाचा पांढरा चौकोन उरतो. तो तळला तरी चौकोन, उकडला तरी चौकोन, आणि तोंडात गेल्यावरही आपला कोपरा सोडत नाही.

लेकीनं जबरदस्ती केली नाही. बाबा, तुमचं तुम्ही खा, म्हणाली, फक्त माझ्यासमोर नको. तेव्हापासून म्हातारा गॅलरीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, रंगाच्या उपड्या डब्यावर बसून जेवायचा. मशीन चालू असलं की ताटही हलायचं. आतून लेक-जावयाचं हसणं ऐकू यायचं. (जावयाचं कमी. जावई बारीक होत चालला होता.)

भांडायची सोय नव्हती. लेकीनं एकदा त्याला सांगितलं होतं, अंडी न देणारी नर पिल्लं जन्मल्या दिवशी यंत्रात टाकतात, वासरू आईपासून तोडतात तेव्हा दूध आपल्या कपात येतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर म्हाताऱ्याला चार शब्द ऐकवून मोकळं होता आलं असतं. माणूस बरोबर बोलायला लागला की घरात राहणं अवघड होतं.

तर अंडं सुटलं. दोन दिवसांनी चहातलं दूध सुटलं; ओटचं दूध आलं, जे दिसायला भिंतीचा रंग धुतल्यासारखं आणि चवीला भिंतीसारखं. मग म्हातारा लेकीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, आता मी पण तुमच्यातला. लेकीचे डोळे भरून आले. तिनं त्याचा हात धरून आत नेलं, आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आत बसायला जागाच नाही. भिंतीला एक घडीची फळी, दोन स्टुलं. तिसरा बसला तर त्याचे गुडघे फ्रीजमध्ये.

म्हातारा म्हणाला, टेबल मी करतो.

लेक नको म्हणाली. तुमच्यानं आता होणार नाही, असं तोंडानं म्हणाली नाही, पण म्हाताऱ्याला ते ऐकू आलं. मग तर करायलाच हवं होतं. कुठंतरी पाडलेल्या घराची दारं मिळाली, जुनं वाळलेलं लाकूड. गॅलरीत त्यानं रंधा लावला. पंधरा दिवस घरभर भुसा. एकही खिळा मारायचा नाही, एकही स्क्रू नाही. पायाच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, काढायचं, पट्टीत खाच पाडायची, एकात एक घट्ट बसवायचं आणि सरसानं जोडायचं.

सरस हल्ली कोणाला माहीत नाही. गुरांची कातडी, हाडं, खूर उकळून उकळून जे उरतं ते वाळवलं की तपकिरी काचेसारखे तुकडे होतात, तो सरस. भिजत घालायचा आणि पाण्यावर भांडं ठेवून मंद तापवायचा. म्हाताऱ्याच्या पेटीत डबाभर शिल्लक होता. तापवायला भांडं पाहिजे होतं. दुधाचं मोठं पातेलं घरात आठ महिने बिनकामाचं पडलं होतं, म्हाताऱ्यासारखंच. त्यानं ते घेतलं.

आपण काय करतोय हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. देवाशपथ नाही आलं. नियम खाण्याचे होते. सरस काय कोणी खातं?

तर, जावयानं खाल्ला.

दुपारी जावई कामावरून अचानक घरी आला. म्हातारा गॅलरीत पटाशीला धार लावत होता. जावई स्वयंपाकघरात शिरला, पातेल्यात डोकावला, वास घेतला. आठ महिन्यांत त्या घरात असा वास आला नव्हता. म्हातारा आत आला तेव्हा जावयाच्या हातात कप होता, कप रिकामा होता आणि जावयाचे डोळे मिटलेले होते.

"किती प्यालात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कपभर. मीठ घालून." जावयानं ओठ चाटायचा प्रयत्न केला, ओठ जरा उशिरानं सुटले. "बाबा, कशाचं सूप आहे ते मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. पण जीव आला."

म्हाताऱ्याच्या मनात हिशेब झाला, कपभर म्हणजे दोन पाय आणि एक आडवी पट्टी. सांगायला तोंड उघडलं होतं. पण अकरा वर्षांत या जावयानं त्याच्या हातच्या कुठल्याही गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, "उद्या दाट असेल."

जावई पाठोपाठ तीन दुपारी आला. त्या तीन दुपारी सासरा-जावयात जेवढं बोलणं झालं तेवढं लग्नापासून झालं नव्हतं. संध्याकाळी लेक घरी यायची, दारातच थांबून खोल श्वास घ्यायची आणि म्हणायची, बाबा, घरात लहानपणीचा वास येतोय. बापाच्या कपड्यांना हाच वास असायचा. तिनं तो कशाचा हे कधी विचारलं नव्हतं, बापानं कधी सांगितलं नव्हतं.

टेबल झालं, बाहेरच्या खोलीत मांडलं. खरंच देखणं झालं. लेकीनं पहिल्या जेवणाला ग्रंथपाल बाईंना बोलावलं. लेकीला या वाटेवर आणलं ते या बाईंनी. कापडी चपला, कापडी पिशवी, बोलणं असं हळू की माणसानं पुढं वाकूनच ऐकावं. चौघं बसले. लेकीनं म्हाताऱ्याला आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि त्याच्या ताटात पहिल्यांदा वाढलं. चौकोनच वाढला, पण म्हाताऱ्याला तो त्या दिवशी गोड लागला.

बाईंनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. सांधा कुठं आहे ते बोटाला कळेना. कौतुकानं म्हणाल्या, "एकही खिळा नाही? हल्ली तो डब्यातला पांढरा गोंद मिळतो ना, काय छान चिकटतं त्यानं. त्याचीच कमाल."

नुसती मान हलवायची होती. लेकीचा हात त्याच्या हाताशेजारी होता. मान हलवली असती तर मरेपर्यंत तिथं बसून जेवला असता.

"पांढरा गोंद पोरांच्या वह्यांना," म्हातारा म्हणाला. "हे सरसानं जोडलंय."

बाईंनी विचारलं, सरस म्हणजे काय. आणि म्हाताऱ्यानं सांगितलं. कमी सांगून भागलं असतं, पण कामाचं कोणी विचारलं की त्याला कमी सांगता येत नाही. कातडं सांगितलं, हाडं सांगितली, खूर किती वेळ उकळतात ते सांगितलं. आधी बाईंची कोपरं टेबलावरून उठली, मग ताट उठलं, मग बाई उठल्या. जावई तोवर पांढरा पडला होता. त्यानं बारीक आवाजात विचारलं, "बाबा, ते पातेल्यातलं..." आणि उत्तराला न थांबता मोरीकडे धावला.

बाई निघाल्या तेव्हा म्हाताऱ्यानं गप्प राहायला हवं होतं. तो म्हणाला, तुमच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं कशानं बांधलीत ते एकदा बघा. बाईंनी कापडी चपला पायात सरकवल्या. दुसऱ्या दिवशी बघितलं असणार, कारण आठवडाभर त्यांचा फोन आला नाही.

मोरीतून परतलेल्या जावयानं तोंड पुसून सांगितलं, बाबांनी मला पाजलं. तीन दुपारची दोस्ती तिथं संपली.

लेक ओरडली नाही. म्हाताऱ्याला वाटलं ओरडेल तर बरं. तो म्हणाला, "मग काय खोटं बोलायला पाहिजे होतं?"

"नाही बाबा. तुम्ही मला आधी विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला तुमचं सोडायला सांगितलं नव्हतं. तुम्ही आपणहून आलात म्हणून मला किती आनंद झाला होता."

टेबलावर चादर पडली. घरात मेलेलं माणूस झाकावं तशी. लेक-जावई परत फळीवर, म्हातारा परत डब्यावर. अंडं खायला आता कोणाची आडकाठी नव्हती. त्यानं एक उकडलं, सोललं आणि तसंच ठेवून दिलं.

दहाव्या दिवशी घरात कोणी नसताना त्यानं चादर काढली आणि पाणी उकळायला ठेवलं. सरसाचं एक बरं असतं, वाफ दिली की सुटतो. चूक झाली तर उलगडू देतो. पांढरा गोंद तसा नाही, एकदा धरलं की धरलं. म्हाताऱ्यानं एकेक सांधा वाफेवर सोडवला, खाचा खरवडून स्वच्छ धुतल्या, कुसवं पुसली, एखादं पटाशीनं सारखं केलं. दुकानातून पांढऱ्या गोंदाचा डबा आणला तो सदऱ्याच्या आत लपवून, लोक दारूची बाटली आणतात तसा. वाटेत दुसरा सुतार भेटू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं आला. गोंद लावताना त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. टेबल परत उभं केलं, दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवलं, आणि लेकीला नुसतं म्हणाला, "धुऊन काढलंय. डब्यातला लावलाय."

लेक टेबलाकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. आपला बाप काय बोलला ते तिला नीट कळलं होतं. तिनं तीन ताटं घेतली.

तिघं बसले. लेक शेजारी, जावई समोर, जरा जपून. चौकोन वाढून झाला. म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला आणि त्याला वाटलं, झालं एकदाचं, चाललं तेवढं पुष्कळ.

तेवढ्यात लेकीनं टेबलावर तळहात दाबून बघितला. "बाबा, हे चांगलं झालं. आधी डुगडुगत होतं, आता अजिबात नाही."

म्हातारा चावायचा थांबला. "कधी डुगडुगत होतं?"

"पहिल्यापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून यानं पायाखाली पुठ्ठा घातला होता."

"दुहेरी," जावई म्हणाला. "गोंदाचा फरक दिसतोय."

म्हाताऱ्याच्या मस्तकाची शीर तडकली. गोंदाचा फरक? अरे, गोंदानं टेबल कधी डुगडुगतं का? डुगडुगतं ते पायानं. पाय तिरका बसला की डुगडुगतं, आणि पाय तिरका बसतो तो कुसू वाकडं कापलं की. हे आता या दोघांना तो चांगलं समजावून सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. आणि मग त्याला आठवलं, कुसू कोणी कापलं होतं.

दोघं त्याच्याकडे बघत होते.

म्हाताऱ्यानं घास गिळला. "हो," तो म्हणाला, "गोंद चांगला निघाला."